मांजर न्यायला येणारी

१

हेंद्रेपाड्यातल्या ‘रेणुका छाया’मध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या कैलास शेलारला लोक ओळखायचे ते त्याच्या मांजरीमुळे, आणि त्या ओळखीत कौतुक फारसं नव्हतं.

मांजरीचं नाव पिठी. अंगानं पांढरी, पाठीवर करडी झाक, नुकतीच गिरणीतून बाहेर पडल्यासारखी. कैलासची बायको माधवी हिला ती रिक्षाच्या सीटखाली सापडली होती, मुठीएवढी. पदरात घालून तिनं घरी आणली. घरात मूल नव्हतं. होईल, होईल म्हणता वय निघून गेलं होतं. त्यामुळे पिठीचे लाड जरा जास्तच झाले. तिचं जग म्हणजे दोन खोल्या, बाल्कनीतली तुळस आणि माधवीची मांडी. दार सताड उघडं राहिलं तरी उंबऱ्यापाशी येऊन बसायची, बाहेर पाय टाकायची नाही.

गेल्या दिवाळीपासून तिचं काहीतरी फिरलं. संधी मिळाली की स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजांतून निसटायची आणि बिल्डिंगभर हिंडायची. कोणाच्या पायपुसण्यावर घाण कर, कोणाचं दूध सांड. गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांवर तिची पावलं उमटली, तेव्हा तीन मजल्यांवरच्या बायका एकदम भांडायला आल्या. तळमजल्यावरच्या मोतीबाईंच्या सुक्या मासळीतल्या वाकट्या तर तिनं टोपलीतूनच ओढून नेल्या. मोतीबाई म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी महिपती भोईर यांची आई. त्यामुळे ती तक्रार साधी राहिली नाही.

कैलास अंबरनाथ एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत बॉयलरवर होता. रात्रपाळी करून सकाळी यायचा, आंघोळ करून जो आडवा व्हायचा तो दुपार कलेपर्यंत. माधवी अंबरनाथ पश्चिमेला एका बालवाडीत शिकवायची. तो येईपर्यंत ती निघालेली असायची आणि उन्हं उतरल्यावर परतायची. म्हणून तक्रारी ऐकायला घरात असायचा तो कैलासच, डोळ्यांवर झोप घेऊन.

त्या दिवशी महिपती आले ते दारातच उभे राहिले.

“शेलार, मांजर आवरा हो तुमची. वरच्या वैष्णवीच्या बाळाच्या पाळण्यात जाऊन झोपते. उद्या नख लागलं लेकराला तर?”

“बांधून ठेवतो. सॉरी.”

“आणि वहिनींना पण सांगा जरा. न्यायला येतात ते चांगलंच आहे. पण बेल वाजवून यावं ना. परवा दुपारी आमची आई भांडी घासत होती, मागं वळून बघते तर या ओट्यापाशी उभ्या. म्हातारं माणूस, दचकतं.”

“सांगतो,” कैलास म्हणाला. महिपती गेले. त्यानं चहा टाकला, साखर घातली, आणि चमचा हातात तसाच राहिला.

दुपारच्या वेळी माधवी घरी नसायची.

२

पहिला विचार मनात आला तो चांगला नव्हता. बालवाडी अर्ध्यात सोडून ही येते, आपण आत घोरत पडलेलो असतो, आणि आपल्याला पत्ता नसतो. का येते? कोणासाठी? पंचवीसेक वर्षांच्या संसारात असला संशय त्यानं कधी केला नव्हता. आता केला आणि त्याची त्यालाच लाज वाटली. तरी संध्याकाळी ती आली तेव्हा त्यानं तिच्या चपलांकडे बघितलं.

“तू दुपारी येतेस का गं घरी?”

“मी? कशी येईन? दुसरी बॅच कोण सांभाळणार?” ती पदर खोचून कणीक मळायला लागली होती.

“महिपती म्हणत होते, तू पिठीला न्यायला जातेस त्यांच्याकडे.”

“मोतीबाईंना दिसतं किती ते बघा आधी. कोणीतरी दुसरी असेल.”

पटण्यासारखं होतं. कैलासला पटलंही. पिठी पलंगाखाली बसून होती. माधवीनं बशीत दूध ओतून “ये गं” म्हटलं, पण ती आली नाही. माधवी आत गेल्यावर मात्र आली, घाईघाईनं दूध प्यायली आणि पुन्हा पलंगाखाली गेली.

दुसऱ्या दिवशी त्यानं बालवाडीच्या नंबरवर फोन लावला. मोठ्या बाईंनी उचलला. “आहेत ना, वर्गातच आहेत. देऊ का?” तो नको म्हणाला. पलीकडून पोरांचा गलका येत होता आणि त्यात माधवीचा आवाज, गाणं शिकवणारा, स्पष्ट ओळखू येणारा. कैलासला हायसं वाटलं. फोन ठेवून तो पडला. झोप लागणार एवढ्यात वरच्या मजल्यावरून, छतातून यावा तसा, कोणीतरी मांजरीला बोलावत असल्याचा आवाज आला. लांबट, लाडिक. वैष्णवी असेल, असं म्हणून त्यानं कूस बदलली.

३

वैष्णवी तिसऱ्या मजल्यावर, बरोबर त्यांच्या डोक्यावर राहायची. पहिलटकरीण होती, नवरा दिवसभर कामावर. कैलास तिच्याकडे माफी मागायला गेला तेव्हा ती बाळाला मांडीवर घेऊन बसली होती.

“अरे काका, टेन्शन नका घेऊ. बाळाला काही केलं नाही तिनं. आणि काकू लगेच येतात ना न्यायला.”

“काकू काही बोलतात?”

“कमी बोलतात. पण छान वागतात. बाळाला घेतात, कुरवाळतात. मी म्हटलं पण, काकू, बरं नाही का? अंग गरम लागतं तुमचं. म्हणाल्या, उतरेल.” वैष्णवी हसली. “आणि एक सांगू? रागावू नका. मी दार लावलेलं असतं काका. मेरेको याद रहता है, मी कडी घालते. तरी बाळाकडे बघावं तर त्या पाळण्यापाशी. म्हटलं मीच विसरत असेन. झोप कुठे होते आजकाल.”

कैलासनं उगाच विचारावं तसं विचारलं, “काय घातलेलं असतं त्यांनी?”

“गाऊनच. तो पिवळा, निळ्या फुलांचा. नेहमी तोच.”

तो जिना उतरत होता तेव्हा त्याला तो गाऊन आठवला. दिवाळीच्या तोंडावर माधवीला डेंग्यू झाला होता. ताप उतरेना, पेशी घसरल्या, म्हणून तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. घरातून नेली तेव्हा तिच्या अंगावर तोच गाऊन होता, कारण साडी नेसायचं त्राण नव्हतं.

“तो पिवळा गाऊन कुठे आहे गं तुझा?” रात्रीच्या डब्याला भाजी भरताना त्यानं विचारलं.

“तो? दवाखान्यातच टाकून आले. औषधाचा वास बसला होता त्याला.” माधवीनं डब्याचं झाकण दाबलं. “का?”

“काही नाही.”

काही नव्हतंच, असं त्यानं स्वतःला समजावलं. दवाखान्यातल्या कोण्या आयानं तो उचलला असेल. तिनं कोणाला तरी दिला असेल. एखादी डोक्यावर परिणाम झालेली बाई असेल, अंगलटीनं माधवीसारखी, फिरत असेल मांजरांच्या मागे. अशा बाया असतात. दुपारच्या वेळी लोकांच्या घरात शिरतात. बॉयलरपाशी बसून रात्रभर त्यानं हे मनात घोळवलं, आणि पहाटेपर्यंत त्यातली प्रत्येक गोष्ट शक्य वाटायला लागली. कडीचं तेवढं काही जमेना.

४

मग तो एक दिवस झोपलाच नाही. सकाळी आला, माधवी गेल्याची खात्री केली, आणि दार किलकिलं ठेवून आत खुर्ची टाकून बसला.

हेंद्रेपाड्यातली दुपार फार रिकामी असते. नळाला पाणी नसतं, पोरं शाळेत असतात, खालचा भाजीवालासुद्धा हातगाडीवर ओलं पोतं टाकून सावलीला गेलेला असतो. कुठेतरी एखादा कुकर शिट्टी देतो आणि गप्प होतो. पिठी पलंगाखालून निघाली. त्याच्याकडे बघितलंही नाही तिनं. फटीतून बाहेर गेली आणि जिन्याच्या वळणावर, खाली तोंड करून, शेपटी पायांभोवती गुंडाळून बसली. आज ती कोणाच्या घरात शिरली नाही. वाट बघत बसली.

कैलास चपला न घालता बाहेर आला. वरच्या पायरीवर उभा राहिला. जिन्यात धुळीचा आणि फिनेलचा वास होता. खालून चालण्याचा आवाज येत होता. अनवाणी पावलं, जड, एका पायरीवर दोन्ही पाय टेकून मग पुढची पायरी घेणारी. आजारी माणूस चढतं तशी. एक मजला चढून ती थांबली. कोणाच्या तरी दारापाशी घुटमळली. मग पुन्हा खाली उतरली. पुन्हा चढली.

त्यानं खिशातून फोन काढला आणि माधवीला लावला. तिनं लगेच उचलला. मागे पोरांचा कालवा होता.

“बोला. झोपला नाहीत अजून?”

तो काही बोलणार तोच खालून हाक आली.

“पिठे... ए पिठे... चल बाळा, घरी चल.”

फोनवर पोरांचा गलका तेवढा येत राहिला.

“अहो,” ती हळूच म्हणाली, “कोण हाक मारतंय?”

“तुला ऐकू आली?”

“आली ना. तो...” तिचा आवाज बारीक झाला. “अहो, तो माझ्यासारखा आवाज आहे.”

पिठी उठली. अंग ताणलं, शेपटी उभी केली, आणि माधवीला बघून पूर्वी ज्या लाडानं धावायची त्याच लाडानं जिना उतरत गेली. कैलासनं कठड्यावरून वाकून बघितलं. खालच्या वळणावर कठड्याला धरून वर येणारी एक पिवळी बाही त्याला दिसली. निळी फुलं होती तिच्यावर.

त्यानं खाली जायला हवं होतं. दहा-बारा पायऱ्या तर होत्या. पण तो मागे सरकत सरकत घरात आला आणि त्यानं दार लावून घेतलं. फोन अजून चालू होता. त्यातून माधवी म्हणत होती, “पिठीला आत घ्या. मी सांगते ते ऐका. तिला बाहेर सोडू नका.”

५

पिठी संध्याकाळी आपली आपण परत आली, आणि त्यानंतर ती बाहेर पडलीच नाही. माधवीनं स्वतः स्टुलावर चढून खिडकीला बारीक जाळी ठोकली. बाल्कनीलाही ठोकली. ज्या बाईला हातोडी धरता यायची नाही तिनं एकेक खिळा सरळ मारला. कैलास खाली उभा राहून स्टूल धरत होता.

महिपती मुद्दाम येऊन गेले. “बरं केलंत शेलार. सगळी बिल्डिंग शांत झाली. आईच्या वाकट्या पण वाचल्या.” ते हसले. “वहिनींची पण पायपीट वाचली.”

मोतीबाई मात्र पायरीवर बसल्या बसल्या म्हणाल्या, “कैलास, तुजी बायको रुसली की काय आमच्यावर? आधी यायची. आता येत नाय.”

“तिला काम असतं, मोतीबाई.”

“बिचारी. तवा मी वरडले तिला, अशी चोरासारखी काय येतंस म्हणून. रडली ती.” म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं. “म्हनली, चुकले मावशी.”

वैष्णवी त्याला पुढच्या आठवड्यात गच्चीवर भेटली. कपडे वाळत घालता घालता तिनं जे सांगितलं ते तिला फार महत्त्वाचं वाटत नसावं. आठवलं म्हणून सांगितलं एवढंच.

“काका, काकूंना विसरायला होतं का हो? आजारपणानंतर होतं असं. मागे एकदा मला म्हणाल्या, मला आमचं दार सापडत नाही गं. म्हटलं काकू, खालीच तर आहे. तर म्हणाल्या, खाली जाते तर नसतं. पिठी घरी जाते, मी तिच्यामागून जाते, पण जिन्यात चुकते. मला वाटलं चेष्टा करतायत.”

कैलास कठड्याला टेकला. खाली नदीकडच्या बाजूला नव्या बिल्डिंगांचे सांगाडे उभे होते. उन्हात त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

त्या दिवसापासून तो घरातल्या माधवीकडे बघायला लागला. तसं बघू नये हे त्याला कळत होतं. ती पोळ्या लाटायची, तो तिच्या मनगटाकडे बघायचा. ती हसायची, तो दात बघायचा. सगळं तिचंच होतं. त्याला मीठ किती लागतं हे तिला माहीत होतं. त्याच्या मेलेल्या भावाचा विषय निघाला की ती आवाज खाली आणायची, तसा आताही आणायची. चुकीचं असं काही सापडेना, आणि सापडत नाही म्हणूनच तो जास्त शोधायचा.

एवढंच की पिठी तिच्या मांडीवर बसेनाशी झाली होती. कधीपासून? दिवाळीपासून. म्हणजे ती दवाखान्यातून आल्यापासून.

तो दिवस त्यानं पुन्हा पुन्हा आठवला. रात्रपाळी करून तो थेट दवाखान्यात गेला होता. डोळे जळत होते. डिस्चार्ज त्या दिवशी होता हे नक्की. आणि माधवी फाटकापाशीच बाकड्यावर बसलेली होती, साडी नेसून, पिशवी मांडीवर घेऊन. “मला सोडलं,” ती म्हणाली. “चला.” तो म्हणाला होता, वर जाऊन सिस्टरला सांगून येतो. तिनं त्याचा हात धरला. “सगळं झालंय. चला ना घरी.” समोर रिक्षा उभी होती. ते बसले.

तो वर वॉर्डात गेलाच नव्हता.

आणि साडी? साडी तिला कोणी नेऊन दिली होती? त्यानं तर दिली नव्हती. शेजारच्या कॉटवरच्या बाईनं दिली असेल. पिशवीत आधीपासून असेल. असेल काहीतरी. माणूस झोपेत असला की बारीकसारीक विसरतो, असं म्हणून तो डोळे मिटायचा. झोप यायची नाही.

६

बालवाडीला परीक्षेनंतरची सुट्टी लागली तेव्हाची गोष्ट. दोघं घरी होती. जेवणं झाली होती. माधवी खाली बसून तांदूळ निवडत होती, कैलास पलंगावर टेकला होता. पंखा करकरत होता.

पलंगाखालून पिठी बाहेर आली. कित्येक दिवसांत ती दिवसाउजेडी बाहेर आली नव्हती. दारापाशी जाऊन बसली आणि कान उभे केले.

खालून पावलं येत होती. जड, थांबत थांबत. पहिल्या मजल्यावर घुटमळली. मग वर आली. वळण घेतलं.

माधवीचे हात ताटात थांबले.

“पिठे...” हाक फार दमलेली होती. “ए पिठे...”

पिठीनं तोंड उघडलं आणि ती ओरडली. एकदा, दोनदा, मग सारखी, लहान पोर आईला बघून ओरडतं तशी. आणि बाहेरची पावलं, ज्यांना इतके दिवस दार सापडत नव्हतं, ती तिच्या ओरडण्याच्या रोखानं सरळ चालत आली आणि दारापाशी थांबली.

दारावर हात फिरल्याचा आवाज आला. वरून खाली. चाचपल्यासारखा.

“अहो,” बाहेरून आवाज आला. “अहो, आहात ना? दार उघडा ना. किती शोधलं मी.”

कैलास उठला. तो उठताच माधवीनं त्याचं मनगट धरलं. तांदूळ जमिनीवर सांडले.

“उघडू नका,” ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती थरथरत होती, खरोखरीची थरथरत होती. “तुम्हाला माझी शपथ आहे. मी इथं आहे ना? मी इथं आहे. तिला आत घेतलंत तर मी कुठे जाऊ?”

त्यानंतर कित्येकदा कैलासनं या वाक्याचा विचार केला. घाबरलेली बायको असंच बोलेल. आणि दुसरं कोणी असतं तर तेही असंच बोललं असतं.

पिठी दाराखालच्या फटीतून पंजा बाहेर काढत होती. कैलास जमिनीवर आडवा झाला आणि त्यानं फटीला डोळा लावला. माधवीनं त्याचं मनगट सोडलं नव्हतं.

बाहेर जिन्यातल्या उजेडात पिवळ्या कापडाची कड होती, मळून काळी पडलेली. ती बाई दाराशी खाली बसली होती. तिचा हात जमिनीवर होता आणि बोटांनी पिठीचा पंजा धरला होता, हळूच, दोन बोटांत. माधवी धरायची तसा. हाताच्या पाठीवर सलाईनच्या सुईची पांढरी पट्टी चिकटवलेली होती. पट्टीखाली रक्त साकळून निळं झालं होतं. ताजं होतं ते. काल-परवा सुई काढावी तसं.

दवाखान्याला तर महिने लोटले होते.

“ताप आहे अजून,” बाहेरचा आवाज म्हणाला. त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. “पण कमी आहे. मी काही मागणार नाही. कोपऱ्यात पडून राहीन.” मग थोडं थांबून, “तुम्ही जेवलात का?”

कैलासनं तोंड उघडलं. “हो” एवढंच म्हणायचं होतं. त्याच्या मनगटावरची बोटं घट्ट झाली. थंड, कोरडी, आणि नखं अगदी नीट कापलेली. त्यानं तोंड मिटलं.

बराच वेळ बाहेर नुसता श्वास चालू होता. मग हात मागे गेला. कापड सरकलं. पावलं जिना उतरायला लागली, एका पायरीवर दोन पाय टेकत. पिठी दार ओरबाडत राहिली. आवाज तळमजल्यापर्यंत गेला आणि मग उन्हात ऐकू येईनासा झाला.

माधवी उठून तांदूळ गोळा करायला लागली. “निवडलेले पुन्हा निवडायला लागणार,” ती म्हणाली.

७

त्याच दिवशी तो पाळीला निघाला, दार उघडलं, आणि पिठी त्याच्या पायांमधून सुटली. त्याला ती पकडता आली असती. हात पुढे गेलाही होता. पण त्यानं तो मागे घेतला. निदान ही तरी जाऊ दे तिच्याबरोबर, असं त्याला वाटलं. पांढरा ठिपका फाटकातून बाहेर पडला आणि नदीच्या रस्त्याला लागला.

पिठी परत आली नाही. हाकाही आल्या नाहीत. महिपतींनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये शेलारांच्या समजूतदारपणाचं कौतुक केलं. वैष्णवीचं बाळ रांगायला लागलं.

सुट्टीच्या दिवशी कैलास “जरा फिरून येतो” म्हणून निघायचा. आधी हेंद्रेपाड्यातल्या गल्ल्या, मग स्टेशनकडची बाजू, मग नदीकडच्या अर्धवट बिल्डिंगा. मांजर हरवलीय असं लोकांना सांगायचा. बाईबद्दल विचारायची त्याची हिंमत व्हायची नाही. त्या बिल्डिंगांवरच्या मजुरांना चहा देणारी बनूबाई नावाची एक बाई होती. तिलाही त्यानं मांजरीचंच विचारलं.

“पांढरी? पाठीवर करडी?” बनूबाईनं गाळणं आपटलं. “होती ना. त्या बाईची.”

“कोणत्या बाईची?”

“होती एक. त्या जिन्याखाली बसायची, मांजर मांडीवर घेऊन. चांगल्या घरची वाटायची हो. अंगात ताप, नुसती भट्टी. मी म्हटलं दवाखान्यात जा, तर म्हणे तिथनंच आले. मग म्हटलं घरी जा. तर म्हणे, मालक येतील न्यायला.” बनूबाईनं कप पुढे केला. “रोज म्हणायची. आज येतील. त्यांना पाळीवरनं सुटायला उशीर होतो.”

“मग?”

“मग काय? कोणी आलं नाही. मी पेज देत होते सकाळची. एक दिवस हाक मारली तर उठली नाही. गाडी आली, घेऊन गेले. पोलिसांनी विचारलं, कोणाची कोण. आम्हाला काय माहीत?” तिनं नाक्याकडे हात केला. “मांजर गाडीमागं पळत गेली. नाक्यापर्यंत दिसत होती. तुमची होती का?”

कैलासला कप खाली ठेवायला जागा सापडेना. “कधी झालं हे?”

“झाले की आठ-दहा दिवस.”

आठ-दहा दिवस. त्या आधी तो या रस्त्यानं दोनदा येऊन गेला होता. दोन्ही वेळा त्यानं समोरच्या दुकानदाराला मांजरीचं विचारलं होतं, जिन्याखाली वाकून बघितलं नव्हतं.

तो जिन्याखाली गेला. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या अंथरलेल्या होत्या. कोणी हलवल्या नव्हत्या. त्यांच्यावर पांढरे केस होते, मांजरीचे, आणि बसून बसून एक खळगा पडला होता. तो तिथे बसला. बनूबाईनं दोनदा वाकून बघितलं.

घरी पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. जिन्यात पहिल्या मजल्यावर तो एकदा थांबला, कुठल्या मजल्यावर जायचं ते पटकन आठवेना म्हणून. मग वर चढला. त्यानं बेल वाजवायच्या आधीच माधवीनं दार उघडलं. हात ओले होते, केसांत मोगऱ्याचा गजरा होता.

“सापडली का?” तिनं विचारलं.

“कोण?”

“पिठी हो. तिलाच शोधायला जाता ना तुम्ही?”

“नाही सापडली.”

“आता नाही सापडायची,” माधवी म्हणाली, अगदी मायेनं, आणि आत येता यावं म्हणून ती बाजूला झाली. “हातपाय धुवा. पान वाढते.”

आत दिवा लागलेला होता. फोडणीचा वास येत होता, त्याला आवडते तशीच, लसूण जास्त घातलेली. कैलास उंबऱ्यावर उभा राहिला. मग त्यानं चपला काढल्या आणि तो आत गेला. दुसरं घर त्याला नव्हतं.